पाचपैकी पाच

पाचही उत्तरं जुळली तेव्हा पार्किंगमध्ये अशा काही टाळ्या पडल्या की जिन्याखाली झोपलेलं कुत्रं उठून फाटकाबाहेर चालतं झालं. "पाचपैकी पाच," मंदाकिनी गोरे माईकमध्ये म्हणाल्या, "चौतीस वर्षांचा संसार आहे, मंडळी. नव्यांनी शिकून घ्या." श्यामला आठल्ये लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हसत होती. हसू चेहऱ्यावर कधी आणलं ते तिला आठवत नव्हतं, आणि आता ते कधी उतरवावं हेही कळत नव्हतं. समोर दहा पावलांवर तिचे यजमान गोपाळकृष्ण, पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले, बासष्ट वर्षांचे, कडक इस्त्रीच्या शर्टाला टाचलेला कागदी झेंडा सावरत कुणाकुणाचे हात हातात घेत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. फार आनंद झाला की त्यांचं असं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिला त्यांचं सगळंच ठाऊक होतं.

खेळ साधा होता. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, चहा झाला, उन्हं पार्किंगच्या आतपर्यंत आली, आणि शाळेत शिकवणाऱ्या मंदाकिनीबाईंनी जाहीर केलं की आता जोडप्यांसाठी जरा गंमत. बायकांनी कागदावर स्वतःच्या आवडीनिवडी लिहायच्या: रंग, फूल, गोडाचा पदार्थ, फिरायला जायची जागा आणि एक नावडती भाजी. मग नवऱ्याला पुढं बोलवायचं, त्याच गोष्टी त्याला विचारायच्या आणि कागद उघडून ताडून बघायचं. वारज्याच्या ज्या शेतात ही सोसायटी उभी राहिली त्या शेताचे जुने मालक हिंदुराव पाहुणे म्हणून आले होते, त्यांनाही उठवलं. "हिचा रंग हिरवा," ते ठामपणे म्हणाले, "शेतकऱ्याची बायकू हाय." मथुराबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या कागदावर निघालं गुलाबी. "गुलाबी कवापासनं?" हिंदुरावांनी विचारलं. "ल्हान व्हते तवापासनं. तुमी इचारलंत कवा?" मथुराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, आणि लोक इतके हसले की शेवटी हिंदुरावही हसले. त्यांचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याची दोन आली. श्यामलेनं आपला कागद केव्हाच भरून उपडा ठेवला होता. शेजारच्या बायका पेनाची टोपणं चावत, एकमेकींना 'गं, माझा कुठला रंग?' असं विचारत बसल्या होत्या, आणि हिचा हात एकदाही थांबला नव्हता. मोरपंखी. बकुळ. खरवस. पर्वती. शेपू. वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर नुसता नंबर कानावर पडला तरी हात आपोआप योग्य भोकात वायर खुपसतो, तसे ते पाच शब्द कागदावर गेले. मग गोपाळकृष्ण उभे राहिले आणि तेच पाच शब्द, त्याच क्रमानं, एकदाही वर आभाळाकडं न बघता म्हणाले. त्यांच्या तोंडून चारचौघांत ऐकताना तिला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की यातला एकही शब्द आपला नाही. आपण लिहिलं ते आपल्याला काय आवडतं ते नव्हतं. हे काय सांगतील ते होतं. आणि ते जे सांगत होते ते कुसुमचं होतं.

कुसुम म्हणजे गोपाळकृष्णांची पहिली बायको. बासष्ट साली लग्न होऊन आली आणि चौदा महिन्यांत, त्रेसष्टच्या श्रावणात, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. एकोणीस पुरी झाली नव्हती. चौसष्ट साली श्यामला त्या घरात आली. वडील गेलेले, ती एक्स्चेंजमध्ये नोकरीला, पाठीवर दोन बहिणी. बिजवर असला तरी मुलगा सरकारी नोकरीत आहे आणि पदरात मूल नाही, एवढं आईला पुरलं. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत पहिल्या आठवड्यातच सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, तिला देवघरापाशी बसवून सगळं सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. "पोर फार गुणी होती. बकुळीचा गजरा म्हणजे जीव की प्राण. खरवस तर दोनदा मागून घेई. शेपूचा वास सोसायचा नाही तिला, आपल्याकडं तेव्हापासून शेपू येत नाही." श्यामला मान हलवत राहिली. बावीस वर्षांच्या मुलीला दुसरं काय करता येतं? अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांच्या त्या पितृपक्षातल्या दिवशी, कुसुमच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलवायची आणि कुसुमच्या आवडीचं पान करायचं, ही रीत त्या वर्षी सुरू झाली. आनंदीबाई महिनाभर आधी गवळ्याला सांगून ठेवत, म्हैस व्याली की चीक आण. श्यामलेला कच्च्या चिकाचा वास सहन होत नसे. तिच्या घशाशी येई. पातेलं स्टोव्हवर ठेवलं की ती तोंडानं श्वास घ्यायला शिकली, आणि वडी कापून झाल्यावर आनंदीबाई प्रेमानं, अगदी खऱ्या प्रेमानं, पहिली वडी तिच्याच हातावर ठेवत. ती गिळताना नाक आतून कसं बंद करायचं हे तिला अजूनही येत होतं. मग कधी तरी, बहुधा अनंतच्या वेळी दिवस गेले असताना, गोपाळकृष्ण ऑफिसातून येताना खरवस घेऊन आले आणि म्हणाले, "तुला आवडतो ना." तिनं तोंड वर करून त्यांच्याकडं पाहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भाबडी खात्री होती की नाही म्हणणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावर पाणी ओतणं वाटलं. त्यांना आठवत नव्हतं. कुसुमचं काय आणि हिचं काय यांच्यातली रेघ त्यांच्या मनातून कधीतरी पुसून गेली होती, आणि ती पुसली जावी म्हणून तर देवाला नवस बोललो होतो ना आपण, असं तेव्हा तिला वाटलं होतं. 'तिला आवडायचं'चं 'तुला आवडतं' झालं, म्हणजे आपण जिंकलो, असंसुद्धा. किती मूर्ख असतो माणूस सव्विसाव्या वर्षी.

घरी आल्यावर गोपाळकृष्णांनी बक्षिसाचा खोका उघडला. सहा मग निघाले, निळ्या फुलांचे. "बघ, पाचपैकी पाच. गोऱ्यांचा नवरा तर तोंडात मारल्यासारखा झाला होता. बायकोनंच घेतलेला खेळ, आणि त्याला फूल सांगता आलं नाही." दुपारी नाशकाहून अनंतचा फोन आला तेव्हा त्यांनी त्यालाही सांगितलं, आणि अनंत हसत म्हणाला, "यात काय, मीसुद्धा पाच काढली असती." ते खरं होतं. दर दिवाळीला तो साडी पाठवायचा, मोरपंखी, किंवा मोरपंखी काठाची, आणि ती नेसून ती आरशात पाहायची तेव्हा सावळ्या चेहऱ्यावर त्या रंगाची एक आजारी हिरवट छाया पडायची. कपाटात अशा अकरा साड्या होत्या. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मला कुठला रंग आवडतो? कुणी विचारलं नव्हतं. ती स्वतःलाच विचारत होती, आणि उत्तर येत नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते, त्यांच्याकडं ती दुकानातल्या मालाकडं पाहावं तसं एकेक करून पाहायला लागली. तपकिरी? नाही. जांभळा? माहीत नाही. शेपू तिला आवडायचा, एवढं नक्की. आई मूगडाळ घालून करायची. आणि एक्स्चेंजच्या कँटीनमध्ये बायडाबाई नावाची सफाईवाली होती, तिच्या डब्यात शेपू असला की श्यामला आपली पोळीभाजी तिला देऊन तिचा शेपू नि भाकरी खायची, वर बडीशेप चघळून घरी जायची. पण आता उभ्या उभ्या आठवताना तिला त्याचीही खात्री वाटेना. शेपू आवडायचा, की घरी न सांगता काहीतरी खाणं आवडायचं?

पुढचे चार-पाच दिवस ती असंच स्वतःला विचारत राहिली. सोसायटीतल्या बायका जिन्यात थांबवून कौतुक करत. मथुराबाई कोपऱ्यावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुमचं नशीब थोर हाय. आमच्याला माझं नावबी हाका मारायपुरतं ठावं." श्यामला हसली आणि घरी आल्यावर तिला एकदम राग आला. राग कुणाचा, हे शोधताना तो कुसुमवर जाऊन थांबला. एकोणीस वर्षांच्या, फोटोत मान थोडी तिरकी केलेल्या त्या मुलीवर, जिनं चौदा महिन्यांत एवढी जागा अडवून ठेवली होती. चौतीस वर्षं आपण हिच्या ताटात जेवतो आहोत. आणि मग असंही वाटलं की निदान एकदा त्या ताटाच्या मालकिणीबद्दल नीट विचारून तरी यावं. कुसुमची थोरली बहीण सरोजिनी अजून होती. पहिली सतरा वर्षं अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून तीच जेवायला यायची. एक्याऐंशी साली तिचे यजमान गेले आणि तिचं येणं थांबलं. आता ती कात्रजला पुतण्याकडं राहात होती. श्यामलेनं फोन केला, आणि गुरुवारी दुपारी, मैत्रिणीकडं जाऊन येते असं सांगून, वारज्याहून स्वारगेट आणि स्वारगेटहून कात्रज अशा दोन बस करून तिथं गेली.

सरोजिनीबाई गॅलरीत खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, कपाळ मोकळं, डोळे मात्र तसेच, समोरच्याची चूक शोधणारे. "तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, गोपाळराव गेले की काय," त्या म्हणाल्या. "बसा."

श्यामला बसली. पाणी प्यायली. प्रवासात जुळवलेली सगळी वाक्यं निघून गेली. "एक विचारायचं होतं. कुसुमला खरवस आवडायचा?"

सरोजिनीबाईंचा हात ताटात थांबला. "हे विचारायला वारज्याहून आलात?"

"हो."

"नाही आवडायचा."

खाली रस्त्यावरून डेअरीची गाडी गेली, तिच्यातले रिकामे क्रेट वाजत राहिले. सरोजिनीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "लग्न होऊन गेली त्याच आठवड्यात तुमच्या सासूबाईंनी खरवस केला होता. आईनं तिला बजावून पाठवलं होतं, सासरी दुसऱ्यांदा वाढायला आले तर नाही म्हणायचं नाही. तिनं दोनदा घेतला. झालं. तिथून पुढं ती माहेरी आली की सांगायची, ताई, आज पुन्हा खरवस. आम्ही हसायचो."

"आणि बकुळ?"

"डोकं दुखायचं तिचं त्या वासानं. गोपाळरावांनी पहिला गजरा आणला तो बकुळीचा. आवडला म्हणाली. काय म्हणणार? अठरा वर्षांची पोर."

"मग तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडं जेवायला यायचात. तेच पान असायचं. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मेलेल्या पोरीच्या नावानं वाढलेलं ताट होतं, श्यामलाबाई. तुमच्या सासूबाई समोर बसून डोळे पुसत असायच्या. त्यांना काय सांगू, तुम्ही तिला ओळखलंच नाही म्हणून? मी जेवत होते." पुन्हा तांदळात बोटं घालत त्या म्हणाल्या, "तुम्ही वाढताना तोंडानं श्वास घ्यायचात. ते मी पाहिलं होतं. वाटायचं, ही पण."

ही पण. श्यामलेला त्या दोन शब्दांशी काय करावं ते कळेना. तिनं विचारलं, मग काय आवडायचं कुसुमला, आणि सरोजिनीबाई तांदळाचं ताट बाजूला ठेवून सांगू लागल्या. त्यांना हे पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या बोलण्याच्या वेगावरून कळत होतं. लिंबासारखा पिवळा रंग. भाजलेले चिंचोके, तासन्तास गालात धरून बसायची, दात किडतील म्हणून आई ओरडायची. वर्तमानपत्रातल्या लहान जाहिराती मोठ्यानं वाचायला. 'हरवले आहेत' असलं काही आलं की त्या माणसाची अख्खी गोष्ट रचून सांगायची. आणि शीळ घालायची. मुलासारखी, दोन बोटं तोंडात घालून. "आमचे वडील, अण्णा, कामावरून आले की बंद. ते पुन्हा बाहेर पडले की सुरू." सांगता सांगता सरोजिनीबाईंचा सुरकुतलेला चेहरा मोकळा झाला होता. मग तो एकाएकी मिटला.

"पर्वतीचंही विचारणार असाल," त्या म्हणाल्या.

श्यामलेनं ते विचारायचं ठरवलं नव्हतं. निदान तेवढं तरी कुसुमचं असणार असं तिनं गृहीत धरलं होतं.

"लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता. सहा महिने अंथरुणाला होती. डॉक्टर म्हणाले, काळजात दोष राहिलाय, जपा. चढउतार नको, धावपळ नको. लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी सांगितलं नाही. आम्ही कुणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोडलं असतं." त्या गॅलरीच्या गजांकडं बघत बोलत होत्या. "गोपाळरावांना पर्वतीचं वेड. दर रविवारी. भराभरा चढायचे म्हणे, मागं बघायचे नाहीत. ती मधे पायरीवर बसायची, चप्पल सारखी करतेय असं दाखवायची, दम परत आला की उठायची. मी म्हटलं, सांगून टाक. तर म्हणे, ताई, तेवढाच वेळ आम्ही दोघंच असतो. घरात कुठं बोलायला मिळतं?" मग त्या म्हणाल्या, "पर्वतीनंच गेली असं नाही. ताप आला, तो तिला झेपला नाही. पण मनातून जात नाही. गोपाळरावांना सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. मला आजवर ठरवता आलं नाही."

परतताना स्वारगेटला वारज्याची बस लागायला वेळ होता. श्यामला बाकावर बसली. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, माणसं पिशव्या डोक्यावर घेऊन पळत होती, डिझेलचा धूर उन्हात तरंगत होता. तिला राग शोधूनही सापडेना. जिच्यावर तो जाऊन थांबला होता ती मुलगी पर्वतीच्या पायरीवर चप्पल सारखी करत बसली होती. आजवर तिला वाटत होतं की आपण निदान कुणाचं तरी आयुष्य जगतो आहोत. एका गोड, लाडक्या, मेलेल्या मुलीचं. तर तेही नाही. एकीनं घाबरून हो म्हटलं, दुसरीनं ते हो पुढं चालवलं, आणि आनंदीबाईंपासून अनंतपर्यंत सगळे या दोन नसलेल्या बायकांवर जीव लावून बसले. ती स्वतः कितीदा चढली होती पर्वती? पन्नाशीनंतर गुडघे दुखायला लागले तरी, वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला. तीही मागंच असायची. मध्ये थांबून तीही खालची घरं बघत असल्यासारखं करायची. पुढं गोपाळकृष्णांची पाठ, शर्टावर घामाचा ओला पट्टा, आणि त्या पाठीला काही म्हणजे काही माहीत नसायचं. तिला पहिल्यांदाच त्या पाठीची कीव आली.

ती घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. गोपाळकृष्ण दारातच उभे होते, हातात स्टीलची कासंडी. "गेनबा गवळ्याची म्हैस व्याली. मुद्दाम सांगून ठेवलं होतं त्याला. पहिल्या दिवसाचा चीक आहे, तुझ्यासाठी."

त्या वासानं नेहमीसारखं तिच्या घशाशी आलं. तिनं चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली. "मला खरवस आवडत नाही," ती म्हणाली.

"दमलीस तू. उद्या कर. फ्रिजमध्ये ठेवतो."

"आज म्हणून नाही. कधीच आवडला नाही."

ते हसले, मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून हसायचे थांबले. "पण तू कागदावर लिहिलंस."

"तुम्ही काय सांगाल ते लिहिलं."

गोपाळकृष्णांनी कासंडी ओट्यावर ठेवली आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. नकाशे काढून काढून उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पडलेला घट्टा त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला. "मग कुणाला आवडतो?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं. ते कळताना तिनं पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं. "कुसुमला," ते म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तिलाही नाही. मी आज सरोजिनीताईंकडं गेले होते."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एकेक करून, जसं सरोजिनीबाईंनी सांगितलं तसं. खरवस दोनदा घेतला ते. बकुळीनं डोकं दुखायचं ते. मोरपंखी नव्हे, लिंबासारखा पिवळा. तिनं गृहीत धरलं होतं की ते दुखावतील, किंवा चिडून काहीतरी तिरकं बोलतील. पण ते पुढं सरकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून ऐकत होते, आणि ती थांबली की म्हणत होते, "आणखी? आणखी काय म्हणाल्या?" चिंचोके. जाहिराती. शीळ.

"शीळ?"

"दोन बोटं तोंडात घालून."

ते हसले, एकदम, तरुण माणसासारखे. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "चौदा महिन्यांत माझ्यासमोर एकदा नाही," ते म्हणाले. "मी असताना कधी नाही." ती उठून त्यांच्या खुर्चीच्या हाताशी उभी राहिली, पण खांद्यावर हात ठेवायला तिला जमलं नाही. तिनं त्यांना त्यांची बायको आणून दिली होती, पस्तीस वर्षांनी, आणि ते तिच्यासाठी रडत होते. यात चूक काहीच नव्हतं. तरी तिच्या छातीत एक जागा अशी दुखत होती की तिथं बोट ठेवता आलं असतं.

"आणि पर्वती?" त्यांनी विचारलं. त्यांनी मान वर केली नव्हती. "पर्वती तरी?"

श्यामला खिडकीकडं गेली. पडदा सारखा केला, जो सारखा करायची गरज नव्हती. "पर्वती आवडायची," ती म्हणाली. "सरोजिनीताई म्हणाल्या, तेवढाच वेळ तुम्ही दोघंच असायचात म्हणून तिला आवडायचं."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, घडी करून तो खिशात ठेवला, आणि तिच्याकडं पाहिलं. पाहतच राहिले, जणू समोर कुठला नकाशा आहे नि त्याची उत्तर दिशा कुठली ते त्यांना कळत नाही.

"आणि तुला?" ते म्हणाले. "तुला काय आवडतं, श्यामला?"

हा प्रश्न कधीतरी येईल म्हणून तिनं चार-पाच दिवस, की चौतीस वर्षं, वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा हात रिकामे निघाले. शेपू म्हणावं तर त्याची खात्री नव्हती. पिवळा तर आता दुसरीचा झाला होता. आईच्या घरातलं आठवावं तर तिथंही पाठच्या बहिणींना काय हवं तेच आठवत होतं. "थांबा," ती म्हणाली आणि खरंच शोधू लागली, अगदी मागं मागं जात. आणि मग एक आठवलं. "एक्स्चेंजमध्ये सकाळची पाळी असायची," ती सावकाश म्हणाली. "सहाला बसायचं. कानाला हेडफोन लावायचा आणि पहिला कॉल यायच्या आधी पाच-दहा मिनिटं काहीच नसायचं. समोर सगळा बोर्ड, एकही दिवा लागलेला नाही. कानात नुसती बारीक घूं... कुणी काही मागत नसायचं. ते मला आवडायचं."

गोपाळकृष्ण विचारात पडले. हे फूल नव्हतं, रंग नव्हता, बाजारातून आणून हातावर ठेवता येईल असं काही नव्हतं. "म्हणजे मी फार बोलतो," ते म्हणाले.

"तसं नाही हो."

"नाही, बरोबर आहे. बोलतोच मी." ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन कासंडी घेऊन आले. "हे गोऱ्यांकडं देऊन येतो. त्यांच्याकडं पोरं आहेत, खातील." त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यातून खाली गेला आणि थोड्या वेळानं वर आला. येऊन ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले. त्यांनी रेडिओ लावला नाही. वर्तमानपत्र हातात घेतलं, त्याचा आवाज होतो असं लक्षात आल्यावर ते घडी न करता तसंच खाली ठेवलं. श्यामला समोरच्या दिवाणावर बसली होती. तिला सांगायचं होतं की हे ते नव्हे, मी ती गोष्ट मागितली नव्हती, मी फक्त आठवून सांगितली. पण ते इतक्या निगुतीनं गप्प बसले होते, हात मांडीवर, पाय जुळवलेले, शाळेत नवीन आलेल्या मुलासारखे, की तिनं ते मनातच ठेवलं. उजेड कमी होत गेला. कुणीच दिवा लावला नाही. कितीतरी वेळानं त्यांनी घसा साफ केला, आणि तिला कधीही न ऐकवलेल्या एका हलक्या, अनोळखी आवाजात विचारलं, "आता बोलू का?"

इतका वेळ कुणी काही मागितलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिला लगेच हो म्हणता आलं नाही.